नळाचा धनी

बीड जिल्ह्यातल्या पाण्याची कहाणी सांगणारा बहुधा आभाळापासून सुरुवात करतो. बालाघाटाचे डोंगर, पर्जन्यछाया, वर्षाकाठी साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही लहरीने पडणारा पाऊस, काळ्या पाषाणात बेताचेच मुरणारे पाणी, ही यादी झाली की कहाणी तलावांवर येते, मग धरणांवर आणि शेवटी टँकरवर. यात खोटे काही नाही. पण या इतिहासात पाणी कुठे साठले ते कळते. ते तिथून तोंडापर्यंत कसे गेले, वाट फुटली तेव्हा ती कोणी बांधली आणि बांधणाऱ्याला त्याचे काय मिळाले, हे कळत नाही. ही उणीव सर्वांत आधी उघडी पडते ती गोठ्यात. माणूस घागर घेऊन आडावर जातो, टँकरमागे धावतो, एखादा दिवस कमी पाण्यावर काढतो. दावणीला बांधलेल्या जनावराला यातले काही जमत नाही. मोठ्या जनावराला दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात दुभत्या संकरित गाईला ऐंशी-शंभरही लागते, आणि ते तिच्या पुढ्यात आणावे लागते. म्हणून पाणी वाहून नेण्याच्या व्यवस्थेची परीक्षा गुरांवरून करावी, असे मला वाटते. ती केली की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्या नळाच्या दुरुस्तीवर एखाद्याचा हक्क होता, म्हणजे त्यातून वाहणाऱ्या पाण्यात ज्याचा वाटा होता, तो नळ टिकला. दुरुस्ती नुसती नोकरी किंवा नुसती मेहेरबानी झाली, तिथे नळ मेला.

सर्वांत जुना पुरावा जिल्ह्याच्या ठाण्याजवळच आहे. बीड शहराच्या दक्षिणेला सुमारे सहा किलोमीटरवर, सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, खजाना विहीर आहे. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशाहाच्या कारकिर्दीत (१५६५–१५८८) बीडची जहागीर असलेल्या सलाबतखानाने ती बांधवली. परंपरेने हिजरी ९९१ हे वर्ष आणि राजा भास्कर हे स्थपतीचे नाव सांगितले जाते. नगरजवळच्या डोंगरावरची, लोक जिला चांदबिबी महाल म्हणतात ती इमारत याच सलाबतखानाची कबर मानली जाते. विहिरीत तीन भुयारी मार्ग उघडतात. दोहोंतून पाणी येते, तिसऱ्यातून ते बालगुजार भागातल्या शेतांकडे जाते. मोट नाही, रहाट नाही; सगळे काम जमिनीच्या उतारावर. दुष्काळातही हिचे पाणी हटत नाही अशी ख्याती आहे आणि तिच्याविषयी लिहिणारे सगळे त्या ख्यातीपाशीच थांबतात. मला तिची रचना जास्त बोलकी वाटते. ही नुसती विहीर नव्हे, एका लांब भुयारी नळाच्या वाटेवर बांधलेली मोठी तपासणीची जागा आहे. इथे माणसाला खाली उतरता येते, वाहते पाणी मंदावून गाळ बसतो, आणि दोन वाटांपैकी कोणती आटली ते डोळ्यांनी दिसते. नळ कधीतरी तुंबणारच, हे गृहीत धरून तो आखलेला आहे. बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात हीच समज आणखी उघडपणे दिसते. १६१५ च्या सुमाराच्या त्या भुयारी कालव्यावर शंभराच्या आसपास कुंड्या ओळीने उभ्या आहेत, आणि त्यांतून हवाही खेळते, माणूसही उतरू शकतो. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेल्या नळावरचे उच्छ्वास त्याच कुळातले.

यावर एक सरळ आक्षेप येईल. खजाना विहीर टिकली ती दगड-चुन्याच्या कामामुळे आणि उतारामुळे. कोणाच्या हक्काचा काय संबंध? हा आक्षेप तपासायला नगर शहर सोयीचे आहे. काळ तोच, राजवट तीच, कसबही तेच. निजामशाहीने कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा आसपासच्या गावांतून उतारावर खापरी नळांनी पाणी आणून महाल, बागा आणि पेठा भिजवल्या. या नळांची संख्या डझनाहून अधिक होती. आज त्यांचे अवशेष सापडतात, पाणी सापडत नाही. भाजलेल्या मातीच्या नळाची जोडणी चुन्याने बुजवलेली असते; उंबर-पिंपळाचे मूळ ओल हुंगत नेमके त्या सांध्यात शिरते आणि काही वर्षांत नळ आतून भरून टाकते. मूळ काढणारा माणूस दरसाल उतरला तर नळ शतके चालतो, नाही उतरला तर पंचवीस-तीस वर्षेही पुरतात. राजवट गेली, बागा गेल्या, पुढे शहराला दुसरे पाणी आले, तेव्हा त्या नळात उतरण्याचे कोणालाच कारण उरले नाही. बालगुजारच्या शेतकऱ्याला मात्र ते कारण पिढ्यान्‌पिढ्या होते, कारण तिसऱ्या मार्गाच्या तोंडाशी त्याचे शेत होते आणि पाटावर त्याची गुरे पाणी पीत होती. साहित्य सारखे असून नशीब वेगळे झाले असेल, तर कारण साहित्यात शोधून भागत नाही. सलाबतखानाने हे पाणी कुणब्याच्या बैलासाठी आणले नव्हते, हे मान्यच आहे. जहागीरदार महसूल वाढवायला पाणी आणतो. पण महसुलासाठी आणलेल्या पाण्यालाही पिणारे आणि राखणारे मिळाले, म्हणून ते राहिले.

खजाना विहिरीसारखी कामे अर्थातच अपवाद. गावोगाव गुरांचे पाणी तीनशे-चारशे वर्षे आले ते मोटेने. विहिरीच्या काठावर धाव, धावेवर बैलजोडी, कण्यावरून उतरणारा नाडा आणि त्याला बांधलेली चामड्याची मोट. मोट वर आली की पाणी थारोळ्यात पडे, तिथून पाटाने मळ्यात जाई, आणि वाटेत दगडाची डोण भरली जाई. या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य आज सहसा लक्षात घेतले जात नाही. पाणी पिणारे जनावर आणि पाणी उपसणारे यंत्र एकच होते. बैल तहानला असेल तर मोट हळू चाले. डोण कोरडी पडली तर संध्याकाळपर्यंत मळाही कोरडा. गुरांच्या पाण्याकडे दुर्लक्ष करणे त्या काळी परवडतच नव्हते. यातला नाजूक भाग चामड्याचा. मोट कडेला उसवे, सोंडेला झिजे, उन्हात कडक होऊन तडके. ती शिवणे चांभाराकडे, नाडे-दोर वळणे मांगाकडे, कणा आणि चाक सुताराकडे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) बलुत्याची ही घडी सविस्तर आली आहे. मोट शिवणाऱ्याला रोख पैसा मिळत नसे, सुगीला खळ्यावर धान्य मिळे. म्हणजे ज्या मळ्याची मोट त्याने शिवली, त्याच मळ्याच्या पिकात त्याचा वाटा. मोट वेळेवर शिवली नाही तर पीक कमी, आणि पीक कमी तर बलुतेही कमी. दुरुस्ती करणारा आणि पाणी वापरणारा एकाच खळ्यावर येऊन उभे राहत.

इथे थांबून त्या व्यवस्थेचे गोडवे गायचे, ही मराठी लेखनातली जुनी खोड आहे आणि ती घातक आहे. मोट शिवणाऱ्याला त्याच गावच्या पाणवठ्यावर पाणी भरायची मुभा नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, त्या तळ्यावर गुरे पाणी पीत, त्याला हरकत नव्हती. हरकत माणसाला होती. मुंबई इलाख्यात निदान सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणाऱ्या १९२३ च्या बोले ठरावाचा आधार तरी होता. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तो ठराव इथे लागूच नव्हता. तेव्हा बलुत्याने दुरुस्तीला हक्काची जोड दिली असे म्हणताना, तो हक्क धान्यावर होता, पाण्यावर नव्हता, आणि तो जन्माने लादलेला होता, हे त्याच दमात सांगायला हवे. पण यामुळे मूळ मुद्दा मोडत नाही, उलट नेमका होतो. ती घडी मोडली ती मोडायलाच हवी होती. तिच्या जागी दुरुस्तीचा दुसरा, माणुसकीचा करार लिहायचा होता, तो कोणी लिहिला नाही. असा करार जातीच्या आधाराशिवायही चालतो, याचा दाखला धुळे-नाशिकच्या फड पद्धतीत आहे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांचे पाणी शेतकऱ्यांचे पंच वाटत आले. पाटकरी आणि हवालदार शेतकऱ्यांनीच नेमलेले, पाटाची साफसफाई लाभधारकांनीच करायची, ज्याचे शेत भिजते त्याने चर उपसायला माणूस द्यायचा. सरकारे बदलली तरी फड चालत राहिले, यामागे हेच आहे.

बीडमध्ये बदल उशिरा आला आणि आला तेव्हा एकदम आला. १९४८ मध्ये संस्थान गेले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. त्याच सुमाराला तेलावरची इंजिने आणि मागोमाग विजेच्या मोटारी विहिरींवर बसू लागल्या. मोट गेली, तिच्याबरोबर बैलाचे विहिरीवरचे काम गेले, आणि तोपर्यंत पाणी काढणारे जनावर निव्वळ पाणी पिणारे उरले. १९७२ चा दुष्काळ या उंबरठ्यावर आला. पाझर तलाव झाले, रोजगार हमीची कामे निघाली, विहिरी खोल गेल्या, पुढे बोअर आले. ऐंशीच्या दशकात पीव्हीसी पाईप स्वस्त झाला आणि लोखंडी व सिमेंटच्या नळांची मक्तेदारी संपली. ही क्रांतीच होती, तिला कमी लेखू नये. आष्टी-पाटोद्याच्या माळावर ज्याची विहीर आटली, त्याने दोन-चार किलोमीटरवरच्या तलावाखाली विहीर पाडून तिथून पाईपलाईन आणली. त्या भागातले संकरित गाईंचे गोठे आणि दूध संकलन याच पाईपांवर उभे आहे.

पण पीव्हीसी स्वतःबरोबर नवे दुखणेही घेऊन आला. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. उथळ गाडलेला पाईप तिच्याबरोबर ओढला जातो आणि सॉकेट सुटते. उघड्यावर पडलेला पाईप उन्हाने ठिसूळ होतो, मग ट्रॅक्टरच्या चाकाचा किंवा गुराच्या खुराचा भार पुरतो. उंचसखल रानात वरच्या टेकाडावर हवा अडकते, मोटार चालू असून हौदात पाणी पडत नाही. त्यावरचा उपाय म्हणून शेतकरी चढावाच्या माथ्यावर पाईपाचा उभा तुकडा बसवतो. कात्रजच्या उच्छ्वासाचे एक काम हा तुकडा करतो, दुसरे करत नाही, कारण त्यातून आत कोणी उतरू शकत नाही. नळ जमिनीखाली गेला आणि नजरेआडही गेला. गळती कळते ती वर रान हिरवे दिसले की, नाहीतर गाई रिकाम्या हौदाभोवती गोळा झाल्या की. हिशेब करून पाहा. मिनिटाला एक लिटर गळणारा सांधा दिवसाला १,४४० लिटर पाणी घालवतो; साठ लिटरच्या मापाने ते चोवीस जनावरांचे पाणी झाले. अशा सांध्याची दुरुस्ती अवघड नाही. फुटलेला तुकडा कापायचा, पाईपाचे तोंड जाळावर तापवून रुंद करायचे, सोल्युशन लावून जोड बसवायचा, आणि घाई असेल तर जुन्या ट्यूबची पट्टी आवळायची. लोखंडी जोडाला सुतळी आणि सफेदा. हे कसब बीडच्या खेड्यात घरोघर आहे. कमतरता कसबाची नाही, हाताची आहे. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेली जोडपी मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. ओढायचे बैल त्यांच्याबरोबर जातात, गाय-शेळी म्हाताऱ्यांकडे राहते. जो पाईप तरुण हात अर्ध्या तासात जोडतील, त्याच्यासाठी म्हातारी महिनाभर बादल्या वाहते. शेतीची वीज कधी दिवसा तर कधी रात्री येते, आणि जनावरे सकाळ-संध्याकाळ पितात, त्यामुळे मधे हौद लागतो, हौदाला फ्लोट लागतो. फ्लोट अडकला की रात्रभर हौद उतू जातो आणि सकाळी विहीर रिकामी असते.

खासगी पाईपाचा धनी निदान माहीत तरी असतो. गावच्या नळयोजनेत तोच हरवला, आणि माझ्या मते तो आखणीच्या वेळीच हरवला. केंद्राच्या ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रमात माणशी रोज ४० लिटरचा निकष कित्येक वर्षे चालला. गुरांसाठी वाढीव ३० लिटर धरायची तरतूद होती, पण ती वाळवंटी विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांपुरती. बीड अवर्षणप्रवण गणला गेला, वाळवंटी नव्हे. म्हणून इथल्या योजनेत गाय-म्हैस मोजलीच गेली नाही. पुढे निकष माणशी ५५ लिटर झाला, २०१९ च्या जलजीवन मिशननेही तोच ठेवला. गोठा हिशेबाबाहेरच राहिला. पाणी कागद पाहून वाहत नाही. नळ दारात आला की पहिली बादली बहुधा दावणीवर जाते, आणि चार गाई असलेला माणूस नळाला टिल्लू मोटर लावतो. पुढच्या घराचे पाणी तुटते, ओढीमुळे सैल सांध्यातून घाण आत शिरते, भांडणे होतात. टिल्लू लावणाऱ्याला चोर म्हणणे सोपे आहे आणि शेजाऱ्याच्या बाजूने ते खरेही आहे. पण ज्याची गरज योजनेने मोजलीच नाही, तो त्या योजनेचा लपूनछपून गिऱ्हाईक होतो, आणि लपून पाणी घेणारा उघडपणे नळ दुरुस्त करायला येत नाही. दुरुस्ती उरते वॉलमनवर. त्याचे मानधन ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीतून निघायचे. पाणीपट्टी थकते, मानधन थकते, व्हॉल्व्ह गळत राहतो. मोट शिवणाऱ्याला निदान खळे माहीत होते.

अजून एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. पाऊसच नसेल तर नळ दुरुस्त करून त्यातून काय वाहणार? २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ या तिन्ही वर्षांत बीडमधले प्रकल्प तळाला गेले होते; तेव्हा सांध्यांची चर्चा ही चैन नव्हे का? मला उलटे वाटते. त्याच वर्षांतल्या चारा छावण्या पाहा. २०१९ मध्ये राज्यात सर्वाधिक छावण्या बीड जिल्ह्यातच होत्या. सरकार मोठ्या जनावरामागे दिवसाला आधी ७० रुपये देत होते, ती रक्कम मे महिन्यापर्यंत १०० वर गेली. सारी चर्चा चाऱ्याची, उसाच्या वाढ्याची, जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांची आणि बोगस संख्येची झाली. पाणी मात्र रोज लागत होते. पाचशे जनावरांच्या छावणीला पन्नास लिटरच्या मापाने रोज २५,००० लिटर, म्हणजे दोन-अडीच टँकर. टँकर खड्ड्यात किंवा टाकीत रिकामा होणार, तिथून पाईपाने पाणी दावणींजवळच्या पिंपांत आणि हौदांत जाणार. टंचाईत प्रत्येक लिटर दूरवरून डिझेल जाळून आलेला असतो, म्हणून गळका सांधा सुकाळापेक्षा दुष्काळातच महाग पडतो. आणि छावणीत तो गळतही नसे, कारण चालकाला टँकरचा आणि जनावरांचा हिशेब द्यावा लागे, आणि आपल्या गाईजवळ मुक्कामाला बसलेला शेतकरी पिंपावर डोळा ठेवून असे. पुरेसे पाणी नसताना, उघड्या माळावर, काही आठवड्यांत उभारलेली व्यवस्था वर्षानुवर्षांच्या पक्क्या नळयोजनेपेक्षा नीट चालू शकली, ही गोष्ट स्रोतावरून समजावून सांगता येत नाही. अनुदान होते म्हणून चालली, असेही म्हणता येईल. पण नळयोजनांनाही पैसा कमी मिळालेला नाही. तो बांधकामाला मिळाला.

कायद्याला हे कधी सुचलेच नाही असेही नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधले कलम ४९ दुसऱ्याच्या शेतातून पाट किंवा पाईपलाईन नेण्याची वाट तहसीलदारामार्फत मोकळी करते. पाईप शक्यतो अर्धा मीटर तरी खोल गाडावा असे ते सांगते, आणि ज्याने पाणी नेले त्याने ती वाट दुरुस्त ठेवावी, न ठेवल्यास होणारे नुकसान भरून द्यावे, अशी जबाबदारीही टाकते. आष्टी, पाटोदा, शिरूर कासारच्या माळांवर पाईपलाईनवरून भांडणारे दोघे शेजारी तहसीलमध्ये जातात ते या कलमाखाली, आणि निदान तिथे तरी कोणाचा नळ फुटला तर कोणाला बोलवायचे हे कागदावर असते. गावच्या योजनेची फाईल उघडली तर त्यात ठेकेदाराचे नाव असते, उद्भव विहिरीची खोली असते, लोकसंख्या असते. गुरांची संख्या पशुगणनेच्या दुसऱ्या फाईलमध्ये असते, आणि त्या दोन फायली आजवर एका टेबलावर आलेल्या नाहीत.